गांजा कायदेशीर झाला. कामगाराच्या पदरात काय पडले?

१ जानेवारी २०१४ च्या सकाळी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या राजधानीत, डेन्व्हरमध्ये, कडाक्याच्या थंडीतही काही दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या होत्या. २१ वर्षांवरील कोणाही व्यक्तीने ओळखपत्र दाखवावे, कर भरावा, पावती घ्यावी आणि गांजा खिशात घालून उजळ माथ्याने बाहेर पडावे, असा आधुनिक अमेरिकेतील तो पहिलाच दिवस. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथील मतदारांनी राज्याच्या घटनेत ६४ वी दुरुस्ती मंजूर केली होती. चोरून होणारा व्यापार उजेडात येईल, पोलीस गंभीर गुन्ह्यांकडे वळतील, करातून शाळा बांधल्या जातील आणि हजारो हातांना काम मिळेल, अशी आश्वासने प्रचारात दिली गेली होती. त्यातली काही पुरीही झाली.

परंतु पुढच्याच वर्षी, जून २०१५ मध्ये, याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला आणि या आश्वासनांची दुसरी बाजू समोर आली. एका दूरचित्रवाणी सेवा कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये दूरध्वनीवर ग्राहकांच्या तक्रारी घेणारा एक कर्मचारी. अपघाताने हातापायांतील शक्ती गेलेली, चाकाच्या खुर्चीला खिळलेला. स्नायूंचे झटके आवरण्यासाठी तो राज्याच्या परवान्यानिशी, वैद्यकीय कारणासाठी, घरी आणि कामाच्या वेळेबाहेर गांजा घेत असे. २०१० मध्ये कंपनीने घेतलेल्या चाचणीत त्याचा अंश सापडला आणि नोकरी गेली. कामाच्या वेळेबाहेरील ‘कायदेशीर’ कृतीबद्दल कोणाला कामावरून काढता येणार नाही, असा कायदा कोलोरॅडोत आहे. न्यायालयाने मात्र ‘कायदेशीर’ या शब्दाचा अर्थ राज्य आणि केंद्र या दोहोंच्या कायद्याने कायदेशीर असा लावला. केंद्राच्या कायद्याने गांजा निषिद्ध होता. तेव्हा कंपनीचे वर्तन योग्यच ठरले.

हा निकाल अनपेक्षित मुळीच नव्हता. मालकाला आपल्या आस्थापनात गांजाविरोधी नियम करण्याचा अधिकार अबाधित राहील, असे कलम खुद्द ६४ व्या दुरुस्तीतच होते. मतदान करणाऱ्या किती कामगारांनी ते वाचले असेल, हा प्रश्नच आहे. गांजा ओढणारा नागरिक त्या दिवशी मोकळा झाला. तोच नागरिक सोमवारी कामावर हजर झाला की पूर्वीच्याच जागी होता. गांज्याच्या कायदेशीरपणाचा हिशेब मांडताना करवसुलीचे आकडे सर्वत्र छापले जातात. हा दुसरा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

मुळात अमेरिकेत गांज्यावरील बंदीची सुरुवातच एका कराने झाली, हे आज मौजेचे वाटेल. १९३७ च्या ‘मारिहुआना टॅक्स अ‍ॅक्ट’ने गांजा उघडपणे बेकायदा ठरवला नव्हता. नोंदणी केलेल्याला गांजा देताना औंसामागे, म्हणजे सुमारे २८ ग्रॅममागे, एक डॉलर कर. नोंदणी नसलेल्याला देताना औंसामागे १०० डॉलर. कर इतका जबर आणि कागदपत्रे इतकी अडचणीची, की बंदी आपोआपच झाली. हा कायदा १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. तेव्हा १९७० च्या नव्या कायद्याने गांजा हेरॉईनच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवला. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘अमली पदार्थमुक्त कार्यालया’चा आदेश काढला, १९८८ च्या कायद्याने सरकारी कंत्राटदारांवर तसेच बंधन आले आणि १९९१ मध्ये ट्रकचालक, रेल्वे कर्मचारी, वैमानिक यांच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. पाहता पाहता लघवीची बाटली हा अमेरिकी नोकरभरतीचा नित्याचा भाग बनला. नुसत्या बाटलीवर प्रश्न मिटला असता तर गोष्ट वेगळी. पण त्या बाटलीतून नेमके काय कळते, ते पाहिले पाहिजे.

दारूच्या चाचणीत फुंकर मारली की त्या क्षणी माणूस किती झिंगलेला आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. गांज्याच्या लघवी-चाचणीत तसे होत नाही. गांज्यात नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य शरीरातील चरबीत मुरते आणि त्याच्या विघटनातून उरलेले, नशा न आणणारे अंश हळूहळू बाहेर पडत राहतात. क्वचित ओढणाऱ्याच्या लघवीत ते काही दिवस, तर नित्य ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे सापडतात. म्हणजे शनिवारी रात्री घरी ओढलेल्या गांज्यासाठी बुधवारी पूर्ण शुद्धीत असलेला कामगार दोषी ठरतो. कोकेनचे अंश बहुधा दोन-चार दिवसांत नाहीसे होतात, दारूचे तर त्याहून लवकर. चाचणीला भिणाऱ्या माणसाला अधिक घातक व्यसनाकडे वळवणारी ही विपरीत व्यवस्था आहे. आणि ती लागू होते ती प्रामुख्याने गोदामात, कारखान्यात, ट्रकवर, बांधकामावर राबणाऱ्यांना. वकील, संपादक किंवा शेअर दलाल यांना बाटली हाती घ्यावी लागल्याचे फारसे ऐकिवात नाही.

अर्थात मालकांची काळजी निराधार नाही. क्रेन चालवणारा, शाळेची बस हाकणारा, उंच परातीवर चढणारा माणूस तारेत असेल तर जीव जातो तो बहुधा त्याच्या सहकाऱ्याचा किंवा वाटसरूचा, आणि सहकारी हाही कामगारच असतो. गांज्याची त्या क्षणीची नशा मोजणारे, न्यायालयात सहज टिकेल असे साधन अजून हाती नाही, हीच खरी अडचण. पण अडचण विज्ञानाची आणि शिक्षा कामगाराला, हा न्याय काही पटत नाही.

काही राज्यांनी पुढे या बाबतीत शहाणपण दाखवले. न्यूयॉर्कने मार्च २०२१ च्या कायद्यात, कामाच्या वेळेबाहेर गांजा घेणाऱ्याला नोकरीत संरक्षण दिले. न्यूजर्सीने त्याच वर्षी केवळ चाचणीतील अंशावरून कारवाई करण्यास मनाई केली; कामावर असताना नशेची प्रत्यक्ष लक्षणे दिसली पाहिजेत, असा तेथील रोख आहे. कॅलिफोर्नियात गांजा २०१६ च्या मतदानाने खुला झाला. परंतु नशा न आणणाऱ्या अंशावरून कामगाराला काढू नये हा कायदा अमलात यायला १ जानेवारी २०२४ उजाडले. मधली सात वर्षे ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना त्या परत मिळाल्या नाहीत. आंतरराज्य वाहतूक करणाऱ्या ट्रकचालकांना तर यातील कोणताच दिलासा नाही. ते केंद्रीय परिवहन खात्याच्या नियमांखाली येतात. जानेवारी २०२० पासून त्यांच्या चाचण्यांची देशव्यापी नोंदवही ठेवली जाते आणि तिच्यात दोषी ठरलेल्या चाचण्यांपैकी निम्म्याहून अधिक गांज्याच्या असतात. एकदा नाव चढले की समुपदेशकाकडून तपासणी, उपचार आणि फेरचाचणी पार पडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावता येत नाही.

आता कराकडे वळू. कोलोरॅडोने घाऊक व्यवहारावर १५ टक्के उत्पादन शुल्क लावले आणि त्यातील वर्षाला पहिले ४ कोटी डॉलर शाळांच्या इमारतींसाठी राखून ठेवले. त्याखेरीज किरकोळ विक्रीवर १० टक्के खास कर होता. तो जुलै २०१७ मध्ये १५ टक्के झाला. २०२१ मध्ये या सर्वांतून राज्याला सुमारे ४२ कोटी डॉलर मिळाले. आकडा डोळे दिपवणारा खरा, पण राज्याच्या अंदाजपत्रकाच्या तुलनेत तो एक टक्क्याच्या आसपास आहे. शिवाय तो टिकला नाही. २०२३ मध्ये वसुली २७ कोटींवर घसरली. करोनाकाळात घरी बसलेल्यांनी वाढवलेला खप ओसरला, शेजारच्या राज्यांतही दुकाने उघडली आणि पीक इतके झाले की भाव कोसळला. सुरुवातीच्या वर्षांत पौंडाला अठराशे डॉलरच्या घरात असलेला घाऊक भाव २०२३ मध्ये सातशेच्या आसपास आला. कर किमतीच्या टक्केवारीवर असेल तर भाव पडताच तिजोरीही आटते. कांद्याचा भाव पडल्यावर लासलगावात काय होते हे जाणणाऱ्या वाचकाला हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.

कॅलिफोर्नियाने याच्या उलट चूक केली. तेथे विक्रीवरील १५ टक्क्यांखेरीज शेतकऱ्याकडून वजनावर कर घेतला जाई; वाळलेल्या फुलांच्या औंसाला ९.२५ डॉलर, म्हणजे पौंडाला १४८ डॉलर. भाव चढा असताना हा कर सोसवला. भाव काहीशे डॉलरवर आला तेव्हाही कर तेवढाच राहिला. वर महागाईच्या हिशेबाने थोडा वाढलाच. उत्तर कॅलिफोर्नियातील हंबोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या डोंगराळ परगण्यांत चोरट्या धंद्याच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या गांजा पिकवणारी छोटी कुटुंबे आहेत. परवाना घेऊन कायद्याच्या चौकटीत आलेली नेमकी तीच आधी मोडली. त्यांच्याबरोबर गेले ते दर हिवाळ्याच्या तोंडावर फुले छाटायला येणारे हंगामी मजूर. चोरट्या काळात त्यांना छाटलेल्या पौंडामागे दीडशे-दोनशे डॉलर रोख मिळत. काम बेकायदा, झोपायला तंबू, मालकाने बुडवले तर तक्रारीला जागा नाही आणि स्त्री मजुरांची स्थिती तर अधिकच असुरक्षित. पण हंगामात वर्षभराची बेगमी होई. कायदेशीर काळात त्या जागी तासाचा किमान पगार आणि छाटणीची यंत्रे आली. वजनावरचा कर अखेर १ जुलै २०२२ ला रद्द झाला.

तेथील कराची ओढाताण त्यानंतरही संपली नाही. जुलै २०२५ मध्ये विक्रीवरील कर १५ वरून १९ टक्के झाला. परवानाधारक दुकानदारांनी ओरड केली की ग्राहक पुन्हा चोरट्या विक्रेत्याकडे जातो आहे. त्या ओरडीत तथ्यही होते. ऑक्टोबर २०२५ पासून तो पुन्हा १५ टक्क्यांवर आणला गेला. त्या वेळी कपातीला विरोध करणाऱ्यांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची मुले सांभाळणारी पाळणाघरे होती, कारण या कराचा एक वाटा त्यांना मिळतो. म्हणजे कर वाढवावा तर गांजा दुकानातील विक्रेत्याची नोकरी जाते, कमी करावा तर कामावर जाणाऱ्या आईचे पाळणाघर अडचणीत येते. दोन्हीकडे कामकरी माणूसच.

मग हा कर भरतो कोण? गांज्याचा खप सर्वांत सारखा विखुरलेला नाही. बहुतांश माल रोज किंवा जवळजवळ रोज ओढणारेच संपवतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्राध्यापक जोनाथन कॉलकिन्स यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये अमेरिकेत असे १ कोटी ७७ लाख लोक होते. रोज किंवा जवळजवळ रोज दारू पिणारे १ कोटी ४७ लाख. नित्य ओढणाऱ्यांत अल्पशिक्षित आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांचे प्रमाण अधिक आहे. तेव्हा विडी, देशी दारू आणि लॉटरी यांच्यावरील करांप्रमाणे याही कराचा भार खालच्या थराच्या खिशावर अधिक पडतो. आपल्याकडे ‘दारूबंदी’ असे नाव असलेल्या १९४९ च्या कायद्याखालीच दारूचे परवाने दिले जातात आणि त्या परवान्यांतून सरकारी तिजोरी भरते. व्यसन आवरण्यासाठी आणलेला कर पुढे सरकारलाच त्या व्यसनाची गरज लावतो, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

नव्या धंद्याने रोजगार दिला, हे नाकारता येत नाही. उद्योगाच्याच अहवालांनुसार २०२२ मध्ये त्यात चार लाखांहून अधिक लोक कामाला होते. परंतु हा रोजगार चमत्कारिक पायावर उभा राहिला. केंद्रीय कायद्याच्या भीतीने बहुतेक बँका या दुकानांना दारात उभे करीत नसत. त्यामुळे गल्ला रोखीचा, पगार अनेकदा रोखीत आणि दरोड्याची धास्ती गल्ल्यावरच्या पोराला. त्यातच प्राप्तिकराचे एक कलम आहे. त्याचा उगम मजेशीर आहे. अमली पदार्थ विकणाऱ्या मिनियापोलिसच्या एका इसमाने आपला तराजू, दूरध्वनी, मोटारीचा प्रवास आणि घरभाड्याचा तिसरा हिस्सा हा ‘धंद्याचा खर्च’ म्हणून दाखवला आणि १९८१ मध्ये कर न्यायालयाने तो मान्य केला! संतापलेल्या संसदेने १९८२ मध्ये पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीतील पदार्थांच्या व्यापाऱ्याला असा खर्च वजा करण्यास मनाई केली. तीस वर्षांनी त्या कलमाचा फटका परवाना घेतलेल्या दुकानांना बसला. दुकानातील नोकरांचा पगारही उत्पन्नातून वजा होईना. मग मालक काटछाट करतो ती कुठे, हे सांगायला नको. डिसेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी गांजा तिसऱ्या अनुसूचीत नेण्याची प्रक्रिया वेगाने पुरी करण्याचा आदेश काढला, त्याचे या उद्योगाने स्वागत केले ते प्रामुख्याने या करसवलतीसाठी.

कामगार संघटना या क्षेत्रात लवकर उतरल्या. किराणा दुकानांतील कामगारांची मोठी संघटना यूएफसीडब्ल्यू हिने २०१० मध्येच कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे वैद्यकीय गांज्याच्या कर्मचाऱ्यांना सभासद करून घेतले. पुढे कॅलिफोर्नियाने परवान्यासाठी अट घातली की २०, आणि जुलै २०२४ पासून १०, किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मालकाने संघटनेशी करार करावा. संघटना बांधण्यात तो आडकाठी करणार नाही आणि संघटना त्याचे काम बंद पाडणार नाही. ओरेगॉनच्या मतदारांनी २०२४ मध्ये अशीच अट मंजूर केली. मे २०२५ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ती रद्द केली. त्यातही भेद आहेच. अमेरिकेचा १९३५ चा कामगार संबंध कायदा शेतमजुरांना लागू नाही. दुकानात गांजा विकणाऱ्याला संघटनेचा केंद्रीय हक्क आहे. काचगृहात तीच रोपे लावणारा आणि खुडणारा ‘शेतमजूर’ ठरला की तो त्यातून वगळला जातो.

आणि हे काम निरुपद्रवी नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक हे एकेकाळचे कागद गिरण्यांचे गाव. गिरण्या बंद पडल्या आणि पडीक इमारतींत गांज्याचे कारखाने आले. (आपल्या गिरणगावात मॉल आले, एवढाच फरक.) अशाच एका कारखान्यात, दळलेला गांजा कागदाच्या नळ्यांत भरताना, २७ वर्षांची एक कामगार तरुणी जानेवारी २०२२ मध्ये श्वास कोंडून कोसळली आणि मरण पावली. गांज्याच्या धुळीमुळे जडलेल्या दम्याने मृत्यू झाल्याची ही अमेरिकेतील या उद्योगातील पहिली नोंद, असे तेथील सरकारी आरोग्य यंत्रणेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. सोलापूर, सिन्नरच्या विडी कामगार स्त्रियांना तंबाखूच्या धुळीबद्दल कोणी नव्याने सांगायला नको.

परदेशस्थ मराठी कुटुंबांना या साऱ्यातील एक बाब जवळून भिडणारी आहे. न्यूजर्सीत, जेथे एडिसन आणि आसपास भारतीयांची मोठी वस्ती आहे, एप्रिल २०२२ पासून गांज्याची दुकाने खुली आहेत. नागरिक असलेला शेजारी तेथे खुशाल जाऊ शकतो. पण स्थलांतराचा कायदा केंद्राचा आहे. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी नागरिकत्व खात्याने स्पष्ट केले की राज्याच्या कायद्याने मुभा असली तरी गांज्याचे सेवन, इतकेच नव्हे तर गांज्याच्या उद्योगातील नोकरीही, नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या वर्तना’च्या आड येऊ शकते. ग्रीन कार्डवर असलेल्याने गांजा कंपनीत हिशेबनिसाची जागा पत्करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

एवढे सगळे असूनही, जुनी बंदीच बरी होती असे म्हणवत नाही; आणि त्याचे कारण अटकेच्या आकड्यांत आहे. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०१३ च्या अहवालानुसार २००१ ते २०१० या दशकात गांज्यासाठी ८० लाखांहून अधिक अटका झाल्या, त्यातील ८८ टक्के केवळ जवळ बाळगल्याबद्दल. गोरे आणि काळे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढत असता काळ्यांना अटक होण्याचे प्रमाण पावणेचार पट होते. अशी एक नोंद कपाळी लागली की नोकरी, घरभाड्याची सवलत, शिष्यवृत्ती सारेच अवघड. इलिनॉयने २०१९ च्या कायद्यात जुन्या नोंदी पुसण्याची तरतूद केली आणि महसुलाचा चौथा हिस्सा बंदीने पोळलेल्या वस्त्यांसाठी राखला. गांजा कायदेशीर केल्याने कष्टकऱ्याला खरोखर काही मिळाले असेल तर ते हे, आणि ते करातून आपोआप आले नाही; कायद्यात लिहून घ्यावे लागले.

भारताला हा विषय नवा नाही. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर फिरून ११०० हून अधिक साक्षी नोंदवल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, सरसकट बंदी अनावश्यक आहे. लागवडीवर नियंत्रण ठेवावे, परवाने द्यावेत, कर वाढवावा, पण इतका नव्हे की गरीब माणूस चोरट्या किंवा अधिक घातक नशेकडे वळेल, असा त्याचा निष्कर्ष होता. कॅलिफोर्नियाला हे समजायला २०२५ साल लागले. स्वतंत्र भारताने मात्र १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. झाडाची पाने व्याख्येतून वगळल्याने भांग तेवढी वाचली.

हा कायदा मुंबईत कोणाला लागतो, याचा अभ्यास विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने केला आहे. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतील दहा हजारांहून अधिक खटले तिने तपासले. त्यातील जवळजवळ सर्व स्वतःच्या सेवनाबद्दलचे होते आणि ८७ टक्के गांज्याशी संबंधित. शिक्षा झालेले सगळे रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत किंवा पदपथावर राहणारे निघाले. त्यांनी गुन्हा कबूल केला होता, कारण खटला लढवायचा तर वकिलाची फी आणि दर तारखेला बुडणारा रोज परवडत नाही. पुढे सुरक्षारक्षकाची किंवा वाहनचालकाची नोकरी पाहायला गेले की पोलीस पडताळणीचा कागद मागितला जातो.